समक्ष बजावणी

स्टेपलरच्या पिना शोधायला आण्णांच्या पिशवीत हात घातला आणि हाताला माझाच अर्ज लागला. आण्णा, म्हणजे माझे वडील, मोरीत अंघोळीला गेले होते. सकाळचे आठ वाजले होते आणि चार वाजता मुंबईतल्या एका मोठ्या लॉ फर्मबरोबर माझी व्हिडिओवर मुलाखत होती. त्याच फर्मला केलेला हा अर्ज. पण मी तो पाठवला होता ईमेलनं, कागदावर कधी छापलाच नव्हता. हा मात्र छापलेला, कोपऱ्यात टोचलेला, घड्या पडून पडून मऊ झालेला. आण्णा जिल्हा न्यायालयात बेलीफ आहेत. एकतीस वर्षं त्यांच्या पिशवीत दुसऱ्यांची नावं असतात: अमुक वादी, तमुक प्रतिवादी, या तारखेस हजर राहावे, न राहिल्यास तुमच्या गैरहजेरीत निकाल होईल. आज त्या गठ्ठ्यात माझं नाव होतं. कुणीतरी माझ्यावर दावा लावलाय आणि समन्स माझ्याच घरच्या माणसाकडं आलंय, असं क्षणभर वाटलं. कागद उलटा केला. मागच्या कोऱ्या बाजूवर आण्णांचं तिरकं, दाबून लिहिलेलं अक्षर: ‘मी आज दि. ९ एप्रिल रोजी सकाळी १०.४० वाजता मुंबई येथे सदर कंपनीचे इमारतीवर समक्ष गेलो असता...’ मोरीतल्या पाण्याचा आवाज थांबला. मी घडी घालून कागद होता तिथं सारला.

“काय हुडकालीस?” आण्णा टॉवेलनं कान पुसत बाहेर आले.

“पिना.”

“पुढच्या कप्प्यात हायत की. मागचा कप्पा कशाला उचकटालीस?” त्यांनी स्वतः पिनांची डबी काढून दिली आणि पिशवीचा पट्टा आवळला. चहा उभ्यानंच घेतला. मग चपला घालता घालता म्हणाले, “चार वाजता न्हवं आज?”

“व्हय.”

“सावकाश बोल. इचारलं तेवढंच सांगायचं, जादा न्हाय. साक्षीदार तिथंच घसरतोय.”

गाडी सुरू झाली, गल्लीच्या टोकाला वळली. पिशवी त्यांच्या खांद्याला, कागद पिशवीत आणि वाक्य अर्धवट. समक्ष गेलो असता काय? मला ओरडून विचारता आलं असतं. मी पिनांची डबी हातात घेऊन दारात उभी राहिले.

घरात आम्ही दोघंच. दादाला पुण्यात पोरगा झाल्यापासून आई तिकडंच आहे. कसबा बावड्यातल्या आमच्या या दोन खोल्यांत दिवसभर माझ्याशी बोलतो तो फक्त शेजारचा प्रेशर कुकर. लॉ कॉलेजात वर्गातली बाकीची मुलं न्यायाधीशाच्या परीक्षेचा अभ्यास करतात, नाहीतर कुणा काकाच्या ऑफिसात खुर्चीला खुर्ची लावून बसतात. मलाच हे खूळ शिरलं. एक कंपनी दुसरीला विकत घेते, त्याचे हजार पानांचे कागद कुणीतरी करतं, त्या करणाऱ्यांत आपण असावं असं वाटायला लागलं. का, ते सांगता येणार नाही. कदाचित त्या कागदांत कुणी रडत नाही म्हणून. कुणाचं घर जप्त होत नाही, कुणाची बाई दाराआडून शिव्या देत नाही. अशा फर्ममध्ये शिरायचं तर आधी चार आठवड्यांची इंटर्नशिप मिळवावी लागते. ती मिळाली आणि डोळ्यांत भरलात तर पुढं नोकरी. न मिळाली तर कोल्हापुरात परत कुकर. मी एक्केचाळीस अर्ज केले. एक्केचाळीस, कारण एक्केचाळिसाव्यानंतर यादीच संपली.

उत्तरं आली नाहीत. नकारही नाही. नकार आला असता तर निदान रडता तरी आलं असतं. रोज दुपारी मेल उघडायचे, बंद करायचे, पुन्हा उघडायचे. माझं सगळं इंग्रजी, सगळे नंबर, वादविवादातलं दुसरं बक्षीस, सगळं कुठल्यातरी भोकात पडून जात होतं आणि आवाजसुद्धा येत नव्हता. आण्णांना हे कळेना. ते रोज जेवताना विचारायचे, “पोच आली काय?” मी सांगायचे की एकदोन ठिकाणांहून आपोआप उत्तर आलंय, तुमचा अर्ज मिळाला म्हणून. “आपोआप म्हंजे? सही कुणाची हाय त्याच्यावर?” सही कुणाचीच नसते आण्णा, यंत्र पाठवतं. “मग ती पोच न्हवं,” असं म्हणून ते भाकरीचा तुकडा मोडायचे. “माणसानं घेतल्याबिगर कागद पोचत न्हाय.” मला हसू यायचं आणि रागही यायचा. एकदा ते फारच मागं लागले तेव्हा कटकट मिटावी म्हणून मी या फर्मला पाठवलेला अर्ज त्यांच्या व्हॉट्सॲपवर टाकला. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी फोन नाकाजवळ धरून अर्धा तास वाचला. कोर्टाचं इंग्रजी त्यांना येतं. शेवटी म्हणाले, “झ्याक हाय की.” एवढंच. त्यानंतर त्यांनी पोचेबद्दल कधी विचारलं नाही, हे मला आता, दारात उभी असताना लक्षात आलं.

त्या अर्जात एक रकाना होता. कुटुंबात कुणी कायद्याच्या क्षेत्रात आहे का, असल्यास नाते आणि पद. पहिल्या बारा फर्मना मी सरळ लिहिलं होतं: वडील, बेलीफ. तेराव्याला हात थांबला. बेलीफ शब्दाला इंग्रजीतही एक घामाचा वास आहे असं वाटलं. मग लिहिलं: वडील, ज्युडिशियल सर्व्हिस. खोटं नव्हतंच ते. खोट्याच्या शेजारच्या घरातलं होतं. पगार न्यायखात्याचाच की! पण ज्युडिशियल सर्व्हिस म्हटलं की लोक न्यायाधीश समजतात हे मला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच लिहिलं. तेरापासून एक्केचाळीसपर्यंत माझे वडील न्यायासनावर बसले होते. आणि त्यातल्या एकाच फर्मचं बोलावणं आलं होतं, मागच्या आठवड्यात, आजच्या चार वाजताचं.

आता नऊ एप्रिलचा हिशेब लागत होता. दोन दिवसांची रजा काढून आण्णा नातवाला बघायला पुण्याला गेले होते. आई फोनवर कुरकुरलीसुद्धा होती, “रातच्याला आलं आन् पहाटं गेलं. पोराला नीट घेतलंबी न्हाय. कोर्टाचं काम हाय म्हणालं.” मी त्यावर विचारच केला नव्हता. म्हणजे ते पुण्याहून पुढं मुंबईला गेले. खाकी पँट, पांढरा शर्ट, खांद्याला ती पिशवी. त्या काचेच्या इमारतीत जाऊन त्यांनी माझा अर्ज बजावला. ज्याला समन्स द्यायचं त्याच्या दारात उभं राहायचं, हे एकच त्यांना येतं. तिथं कुणीतरी विचारलंच असणार, कोण तुम्ही? आणि आण्णा काय सांगणार? मी पोरीचा बाप, कोल्हापूर कोर्टात बेलीफ. माझा बाप खोटं बोलत नाही, हे मी बावड्यातल्या कुठल्याही देवळात सांगू शकते, देवळात आम्ही जात नाही ही गोष्ट वेगळी. म्हणजे त्या लोकांना सगळं ठाऊक आहे. आज ते मला माझ्या तोंडानं विचारणार, वडील काय करतात, आणि मग बघत बसणार. आण्णांचा इतका राग आला की त्यांचा चहाचा कप मी विसळताना आपटला. कान तुटला त्याचा. मग तो तुटका कान मी ओट्यावर ठेवला.

आण्णा खोटं बोलत नाहीत हे मी पाहिलंय. आठ वर्षांची असेन. शाळेला सुट्टी, आई हुपरीला माहेरी, म्हणून आण्णांनी मला गाडीवर पुढं बसवून बजावणीला नेलं होतं. शिवाजी पेठेतली एक अरुंद गल्ली. आम्ही शिरलो तशी खिडक्यांतून माणसं मागं सरली, एक दार लागल्याचा आवाज आला. बेलीफाला बघून कुणाला आनंद होत नाही. ज्या घरी जायचं होतं तिथं एका बाईनं दार फटीएवढं उघडलं आणि सांगितलं, मालक घरात न्हाईत, गावाला गेल्यात. पण मी लहान, माझी नजर खाली. दाराच्या खालच्या फटीतून मला दोन पाय दिसत होते, पुरुषाचे, अंगठ्याला पट्टी बांधलेले. मी आण्णांचा शर्ट ओढला. त्यांनी मान हलवली, म्हणजे त्यांनाही दिसले होते. मग त्यांनी पिशवीवर कागद ठेवून लिहिलं आणि मला वाचून दाखवलं, कारण मी नुकतीच जोडाक्षरं शिकले होते: ‘सदर इसम घरी नाहीत असे त्यांचे पत्नीने सांगितले.’ पण आण्णा, पाय? ते म्हणाले, “मी कुठं लिवलं घरात न्हाय म्हणून? त्या बाईनं सांगितलं ते लिवलं. आपल्या पदरचं काय घालायचं न्हाय.” बाटलीतल्या डिंकानं कागद दाराला डकवला, दोन शेजाऱ्यांच्या सह्या घेतल्या. भर उन्हात कुणी पाणी विचारलं नाही. बेलीफ म्हणून विचारलं नाही की आम्ही कोण आहोत ते ठाऊक होतं म्हणून, हे त्यांनी कुठल्या अहवालात कधी लिहिलं नाही. घरून आणलेल्या बाटलीतलं पाणी आम्ही गाडीपाशी उभं राहून प्यालो.

बारा वाजता राहवेना म्हणून फोन लावला.

“बोल,” आण्णा म्हणाले. मागं पोरांचा आरडाओरडा, फुटबॉल भिंतीवर आपटल्याचा आवाज.

“कुठं हाईसा?”

“पेठेत. एका घरी तिसरा हेलपाटा. कुलूप घालून मागल्या दारानं आत बसल्यात.”

“आण्णा, तुम्ही...”

“काय?”

“जेवलासा काय?”

“बारा तर वाजल्यात. भ्यालीस काय गं?”

“न्हाय.”

“भिऊ नको. पाण्याचा तांब्या जवळ घेऊन बस.” फोन ठेवला त्यांनी. मी तसाच कानाला लावून धरला. विचारायचं म्हटलं तर आधी तो रकाना तोंडानं उच्चारावा लागला असता. तुम्ही मुंबईला जाऊन काय सांगितलंत, हे विचारलं की ते म्हणणार, तू काय लिवलं होतंस? असं ते म्हणणार नाहीत, गप्प बसतील, तेच जास्त वाईट. आमच्या घरात न बोललेल्या गोष्टी भांड्यांसारख्या एकात एक बसवून ठेवलेल्या असतात. एक काढायला गेलं की सगळी उतरंड खाली येते.

तीन वाजता मी खुर्ची मांडली. खिडकीकडं तोंड केलं तर पाठीमागं भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो येत होता, कोट घातलेला, हातात पुस्तक. शेजारी आजोबांचा. मी खुर्ची फिरवली. मग पाठीमागं आली नुसती भिंत, फिक्या निळ्या रंगाची, एक खिळा असलेली. उजेड बरा येतो म्हणून फिरवली, असं मी मनात म्हटलं. मग खरं काय ते मलाच कळलं आणि लाज वाटली, पण खुर्ची मी परत फिरवली नाही. पडद्यावर माझा चेहरा चौकटीत आला. दीड वर्ष एकटीनं अभ्यास करून तो जरा उतरलेला होता. मी त्याला इंग्रजीत नमस्कार करून पाहिला.

चारला दोन चौकटी उघडल्या. एकीत केस कापलेली, मंद हसणारी बाई; दुसरीत नुसतं नाव, कॅमेरा बंद, पुरुषाचा आवाज. बाईंनी हवापाण्याचं विचारलं, कोल्हापूर म्हणजे तिखट रस्सा ना, म्हणून हसल्या. मी हसले. आणि मग कागद चाळल्याचा आवाज करून त्या म्हणाल्या, “तुमचे वडील न्यायसेवेत आहेत असं दिसतंय.”

माझ्या कानात पाणी शिरल्यासारखं झालं. त्यांच्या चेहऱ्याकडं बघितलं. सापळा होता की नुसताच प्रश्न, काही कळेना. खरं सांगायला एक श्वास पुरला असता. बेलीफ, मॅडम. एक शब्द. इचारलं तेवढंच सांगायचं, जादा न्हाय.

“हो,” मी म्हटलं.

“कुठं आहेत सध्या?”

“जिल्हा न्यायालय, कोल्हापूर.”

“वा,” त्या म्हणाल्या. सापळा नव्हताच. त्यांना काही ठाऊक नव्हतं. मला हायसं वाटलं. मग बंद कॅमेऱ्यातल्या आवाजानं प्रश्न घातला. समजा एका कंपनीनं करार संपवल्याची नोटीस दुसरीला दिली. करारात म्हटलंय नोंदणीकृत पत्त्यावर द्यावी. पत्त्यावर कुलूप. समोरची कंपनी म्हणते आम्हाला मिळालीच नाही. तुम्ही अशिलाला काय सल्ला द्याल? मी तोंड उघडलं आणि बोलत सुटले. वेगवेगळ्या वेळी तीनदा जायचं. एकदा कामाच्या वेळेत, एकदा उघडायच्या आधी, एकदा बंद होताना. शेजाऱ्यांपैकी दोघांसमोर दाराला डकवायचं. आणि नोंद करताना ‘कुणी नव्हते’ असं लिहायचं नाही, कारण ते आपल्याला ठाऊक नसतं. ‘कुणी नाही असे अमुक यांनी सांगितले’ असं लिहायचं. आपल्या पदरचं काही घातलं की उलटतपासणीत तिथंच कागद फाटतो. कुलपावर धूळ आहे का ते लिहायचं. मी थांबले तेव्हा कॅमेरा सुरू झाला होता. पिकल्या दाढीचा माणूस पुढं वाकून माझ्याकडं बघत होता.

“हे पुस्तकात नसतं,” तो म्हणाला. “न्यायाधीशांच्या घरात वाढल्याचा फायदा दिसतोय.”

मी हसले. कोपऱ्यातल्या चौकटीत मला माझं ते हसू दिसलं. नीट, नम्र, ओळख नसलेलं.

साडेपाचला मेल आली. एक जूनपासून चार आठवडे. सोबत एक फॉर्म, दोन दिवसांत भरून पाठवा. मी खोलीच्या मधोमध उभी राहून हे कुणाला सांगायचं ते शोधायला लागले. आईला फोन लावला. बाळ रडत होतं, ती म्हणाली, “बरं झालं गं बाई, मागनं बोलते.” वर्गाच्या ग्रुपवर लिहिलं आणि पाठवायच्या आधी पुसलं. फॉर्म उघडला. नाव, पत्ता, रक्तगट, आणि पुन्हा तोच रकाना, नाते आणि पद. मी तो तसाच सोडून खिडकीशी बसले. कारखान्याचं गाळप संपून महिना झाला तरी मळीचा वास हवेत होता. ज्याची वर्षभर वाट बघितली ते हातात आलं होतं आणि माझ्याएवढं एकटं त्या घडीला बावड्यात कुणी नसेल असं वाटलं.

आण्णा साडेसहाला आले. पिशवी खुर्चीवर ठेवली, चपला काढायच्या आत माझं तोंड बघितलं.

“मिळालं,” मी म्हटलं.

“समक्ष सांगितलं की मेलवर?”

“मेलवर.”

“उलट पोच दिलीस काय?”

“देतो की. फॉर्म भरायचाय.”

त्यांनी खिशातून रुमाल काढून मानेचा घाम पुसला, परत घडी घातली. “काय काय इचारलं?”

“नोटिशीचंच. पत्त्यावर कुलूप असलं तर काय करायचं.”

“आन् तू?”

“तुम्ही करतासा तेच सांगितलं.”

त्यांचा चेहरा असा काही उजळला की मला बघवेना. मग चपलेच्या पट्ट्याकडं बघत त्यांनी विचारलं, “घरचं काय इचारलं न्हाय न्हवं?”

“न्हाय.”

“बरं झालं,” ते म्हणाले, आणि पाय धुवायला मोरीत गेले.

नळ सुटला. मी पिशवीचा मागचा कप्पा उघडला. यावेळी मी थांबले नाही, शेवटपर्यंत वाचलं.

‘मी आज दि. ९ एप्रिल रोजी सकाळी १०.४० वाजता मुंबई येथे सदर कंपनीचे इमारतीवर समक्ष गेलो असता, कार्यालय एकविसावे मजल्यावर असलेचे समजले. दरवाजावरील पहारेकरी यांनी वर सोडले नाही. अर्ज ईमेलने करावा असे सांगितले. ईमेल केला आहे, पोच नाही, असे मी सांगितले. १०.५५ ते ३.२० थांबलो. बसणेस जागा नव्हती. पहारेकरी यांनी पाणी दिले. ३.२० वाजता कार्यालयातील एक इसम खाली आले. त्यांनी कागद स्वीकारणेस नकार दिला, परंतु फोटो काढून घेतला. आपण अर्जदाराचे कोण असे त्यांनी विचारले. अर्जदाराचे वडील न्यायसेवेत असलेबाबत अर्जात नमूद आहे. सबब, नाते काही नाही, फक्त कागद पोचविणारा आहे, असे सांगितले. परत आलो. सबब अहवाल सादर.’

खाली त्यांची सही. त्याखाली सवयीनं पट्टी धरून मारलेल्या तीन रेघा, एकही न भरलेली. कागद मिळाल्याची तारीख. घेणाऱ्याची सही. नाते.

सादर कुणाला करणार होते ते? एकतीस वर्षांत त्यांनी कागदावर आपल्या पदरचं काही घातलं नव्हतं. आणि तिथं, साडेचार तास उभं राहून, घातलं, माझ्या अर्जाशी जुळावं म्हणून. आणि घरी येऊन तेही जसंच्या तसं लिहून ठेवलं. मला रडू आलं. पदर नव्हता, मग आवाज होऊ नये म्हणून मी ओढणी तोंडात धरली. मोरीत आण्णा पायांवर तांब्यानं पाणी ओतत होते, एकेक पाय, सावकाश.

घरात माणूस नसेल तर कागद घरातल्या कुणा जाणत्या माणसाला देता येतो, फक्त नाते लिहून घ्यावं लागतं. हे त्यांनीच मला शिकवलेलं. टेबलावर लॅपटॉप उघडा होता आणि त्यातला रकाना अजून कोरा होता. तो भरायचा होताच, खरा काय तो. पण आधी हा. मी आण्णांच्याच पिशवीतलं पेन काढलं. पहिल्या रेघेवर आजची तारीख घातली. दुसरीवर पूर्ण सही केली, दीप्ती केरबा कुरणे, एकही अक्षर न खाता. आणि तिसरीवर, नात्यापुढं, दाबून लिहिलं: मुलगी.

मग कागद मागच्या कप्प्यात न ठेवता उद्याच्या समन्सांच्या गठ्ठ्यावर, सगळ्यांत वर ठेवला आणि पट्टा आवळला.